आस्थापनांतील विधी अधिकारी : संपर्क, अभ्यास आणि सेवा

(हुबळी-धारवाड येथे औद्योगिक व सार्वजनिक आस्थापनांतील विधी अधिकाऱ्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



न्यायालयात उभा राहून पक्षकाराची बाजू मांडणारा वकील सर्वांच्या परिचयाचा असतो. त्याची पाटी रस्त्यावरून दिसते, त्याचे नाव निकालपत्रात छापले जाते आणि त्याच्या यशापयशाची चर्चा वकीलवर्गात होत राहते. परंतु कायद्याची तीच पदवी घेऊन एखाद्या कारखान्यात, बँकेत, महामंडळात किंवा वीज कंपनीत पगारी नोकरी पत्करणाऱ्या विधिज्ञाचे काम बहुधा फायलींच्या आडच राहते. करारनाम्याचा मसुदा तपासणे, नोटिशीला उत्तर देणे, कामगारविषयक प्रकरणांत व्यवस्थापनाला सल्ला देणे, बाहेरच्या वकिलाला वस्तुस्थिती समजावून देणे आणि निकाल लागल्यावर अपील करावे किंवा करू नये याविषयी टिपणी लिहिणे, ही त्याची नित्याची कामे होत. या वर्गाला व्यवसायबंधूंशी संपर्क ठेवण्याच्या, अभ्यास चालू ठेवण्याच्या आणि समाजाची सेवा करण्याच्या कोणत्या संधी उपलब्ध आहेत, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

वरवर पाहता हा विषय विधी अधिकाऱ्यांच्या खाजगी सोयीचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो तसा नाही. विधी अधिकाऱ्याच्या टिपणीवर अपघातग्रस्त कुटुंबाची भरपाई, बडतर्फ कामगाराची नोकरी आणि लहान पुरवठादाराचे थकलेले बिल अवलंबून असते. तो एकाकी पडला, त्याचा अभ्यास थांबला, तर त्याची किंमत त्याच्यापेक्षा या इतर माणसांनाच अधिक मोजावी लागते. म्हणून या प्रश्नाकडे सार्वजनिक हिताचा प्रश्न या नात्याने पाहणे आवश्यक आहे.

हुबळी-धारवाडची पार्श्वभूमी

या विचारासाठी हुबळी-धारवाडसारखे दुसरे उपयुक्त क्षेत्र क्वचितच सापडेल. ही दोन नगरे एकमेकांपासून सुमारे वीस किलोमीटर अंतरावर असून १९६२ मध्ये त्यांची एकत्रित महानगरपालिका झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे येथील न्यायालयांच्या परंपरेचा मुंबईच्या न्यायपरंपरेशी निकटचा संबंध आहे. भारताचे माजी सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा आरंभ धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात झाला. पुढे औद्योगिक कायद्याच्या क्षेत्रात त्यांनी न्यायासनावरून जे मूलगामी कार्य केले आणि १९६६ मध्ये नियुक्त झालेल्या पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे जे अध्यक्षपद भूषविले, ते आस्थापनांच्या विधी अधिकाऱ्यांनी विशेषत्वाने स्मरणात ठेवण्यासारखे आहे. मालक आणि कामगार यांच्यामधील वाद केवळ कराराच्या शब्दांवर तोलता येत नाही, त्यात सामाजिक न्यायाचाही विचार करावा लागतो, ही दृष्टी त्या काळात येथील औद्योगिक न्यायव्यवहारात दृढ झाली.

आज या जुळ्या नगरांत पगारी विधिज्ञाला काम देणाऱ्या आस्थापनांची संख्या लहान नाही. दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालय हुबळीस आहे. वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळ व हुबळी वीजपुरवठा कंपनी यांची मुख्य कार्यालयेही तेथेच आहेत. गोकुळ रोड, तारिहाळ, बेळूर आणि मुम्मीगट्टी येथील औद्योगिक वसाहतींत मोठ्या कारखान्यांपासून सुटे भाग बनविणाऱ्या लहान उद्योगांपर्यंत सर्व प्रकार आढळतात. यांखेरीज बँका, विमा कंपन्या, रुग्णालये, विश्वविद्यालये आणि महानगरपालिका आहेतच. हुबळीच्या नवनगर भागात कर्नाटक राज्य विधी विश्वविद्यालय आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ धारवाड येथे जुलै २००८ मध्ये सुरू झाले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये त्याला कायम स्वरूप प्राप्त झाले.

या शेवटच्या घटनेचे महत्त्व महाराष्ट्रातील वाचकांना वेगळे सांगावयास नको. मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे काम करू लागले असून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आले आहेत. उच्च न्यायालय जवळ आले की आस्थापनांच्या विधी विभागाचे काम केवळ वाढत नाही, ते बदलतेही. पूर्वी राजधानीतील वकिलाकडे कागद पाठवून स्वस्थ बसता येत असे. आता प्रतिज्ञापत्राचा तपशील, अपिलाचा निर्णय आणि तडजोडीची बोलणी स्थानिक पातळीवरच करावी लागतात. धारवाडने हा अनुभव २००८ मध्येच घेण्यास प्रारंभ केला. तो इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांना व सोलापूरच्या गिरणीक्षेत्राला आज मार्गदर्शक ठरू शकेल.

सनद आणि नोकरी

विधी अधिकाऱ्याच्या एकाकीपणाचे मूळ कायद्यातच आहे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. वकील अधिनियम, १९६१ अन्वये भारतीय वकील परिषदेने केलेल्या नियमांपैकी ४९ व्या नियमानुसार, वकिली करीत असताना वकिलाला कोणत्याही व्यक्तीची, शासनाची, पेढीची किंवा निगमाची पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही. अशी नोकरी पत्करताच त्याने ज्या राज्य परिषदेच्या पटावर त्याचे नाव असेल तिला कळवावयाचे असते आणि नोकरी असेतोवर वकिली बंद ठेवावयाची असते. शासनाच्या व सार्वजनिक निगमांच्या विधी अधिकाऱ्यांसाठी या नियमात पूर्वी एक अपवाद होता. हिमाचल प्रदेश राज्य वीज मंडळाच्या एका विधी अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००१ मध्ये निर्णय दिला. ज्याचे मुख्य काम न्यायालयात उभे राहण्याचे नाही, अशा पूर्ण वेळ पगारी अधिकाऱ्याला सनदेचा हक्क नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. त्याच वर्षी परिषदेने तो अपवादही काढून टाकला.

गोपनीयतेच्या बाबतीतही स्थिती अशीच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबई महानगरपालिकेच्या एका प्रकरणात पगारी विधी सल्लागाराशी झालेल्या पत्रव्यवहारालाही पुरावा कायद्याचे संरक्षण मिळते, असे मत व्यक्त केले होते. परंतु ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वेगळा निर्णय दिला. भारतीय साक्ष अधिनियमाच्या १३२ व्या कलमाचे संरक्षण न्यायालयात वकिली करणाऱ्या वकिलांसाठी आहे, पगारी विधी अधिकारी व त्याचा मालक यांच्यामधील पत्रव्यवहाराला ते लागू होत नाही, असे त्यात म्हटले आहे. मालकाच्या वतीने विधी अधिकारी बाहेरच्या वकिलाशी जो पत्रव्यवहार करतो, त्याला मात्र १३४ व्या कलमाचा आधार मिळतो. युरोपीय न्यायालयानेही सप्टेंबर २०१० मध्ये स्पर्धाविषयक चौकशीच्या एका प्रकरणात याच स्वरूपाचे मत दिले होते. नोकरीत असलेला विधिज्ञ कितीही प्रामाणिक असला तरी स्वतंत्र वकिलाइतका तो मालकापासून अलिप्त राहू शकत नाही, हे त्या मतामागील कारण होय.

हे कारण कटू वाटले तरी विचार करण्यासारखे आहे. स्वतंत्र वकिलाचे स्वातंत्र्य केवळ त्याच्या स्वभावावर अवलंबून नसते. वकीलमंडळ, ज्येष्ठांचे कार्यालय, ग्रंथालय आणि व्यवसायबंधूंचे मत ही त्याच्या पाठीशी असतात. सनद जमा करून नोकरीत आलेल्या विधिज्ञाच्या मागून हे सर्व आधार एकदम निघून जातात. त्याच्या वरिष्ठांत कायदा जाणणारे कोणी नसते आणि त्याचे मत तपासून पाहणारे कनिष्ठही नसतात. अशा स्थितीत व्यवस्थापनाला जे ऐकावयाचे आहे तेच लिहिण्याची सवय जडणे अस्वाभाविक नाही. संपर्क, अभ्यास व सेवा यांची आवश्यकता येथेच उत्पन्न होते. सनदेबरोबर गेलेले आधार ज्या मार्गांनी पुन्हा उभे करता येतील, असे हे तीन मार्ग आहेत.

एका टिपणीचे मोल

या म्हणण्याचा अर्थ एका नित्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. कोणत्याही राज्यातील परिवहन महामंडळाच्या विधी विभागात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांचे निवाडे सतत येत असतात. घरातील कर्ता पुरुष अपघातात गेलेला असतो आणि न्यायाधिकरणाने त्याच्या पत्नीला व मुलांना भरपाई मंजूर केलेली असते. मोटार वाहन अधिनियमानुसार निवाड्याच्या दिनांकापासून ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. या मुदतीत विधी अधिकाऱ्याला टिपणी सादर करावयाची असते. भरपाईची रक्कम थोडी अधिक वाटली तरी ती प्रस्थापित सूत्रास धरून असेल, तर अपील करू नये, असे लिहिणे हे त्याचे कर्तव्य ठरते. परंतु तसे लिहिण्यास धैर्य लागते. अपील करावे असे लिहिले आणि ते फेटाळले गेले, तर दोष कोणाकडेच येत नाही. अपील करू नये असे लिहिले, तर उद्या लेखापरीक्षणात प्रश्न विचारला जाण्याची भीती असते. म्हणून सुरक्षित मार्ग म्हणून अपील दाखल होते आणि विधवेच्या हाती पडावयाची रक्कम काही वर्षे अडकून राहते.

अशा वेळी त्या अधिकाऱ्याला दुसऱ्या आस्थापनेतील चार विधिज्ञांचा सहवास असेल, उच्च न्यायालयाच्या अलीकडच्या निर्णयांचे टिपण त्याच्याजवळ असेल आणि लोकन्यायालयात तडजोडी कशा होतात हे त्याने प्रत्यक्ष पाहिलेले असेल, तर त्याची टिपणी निराळी होण्याचा संभव आहे. ती निर्भय होते, कारण तिला आधार असतो. आस्थापनेचाही त्यात लाभच आहे. अयशस्वी अपिलाचा खर्च, वाढत जाणारे व्याज आणि प्रतिष्ठेची हानी या तिन्ही गोष्टी टळतात.

परस्परसंपर्क

संपर्काचा विचार करताना मोठ्या संस्थेची कल्पना आरंभीच करण्याचे कारण नाही. अमेरिकेत कंपन्यांच्या पगारी विधिज्ञांची स्वतंत्र संघटना १९८२ मध्ये स्थापन झाली आणि आज तिचा विस्तार अनेक देशांत आहे. तिच्या कार्याचा गाभा मात्र साधा आहे. एकाला आलेली अडचण दुसऱ्याने आधीच सोडविलेली असते आणि ते दोघे एकमेकांना भेटले पाहिजेत, हाच तो गाभा होय.

हुबळी-धारवाडमध्ये अशा भेटीसाठी जागा शोधावी लागणार नाही. १९२८ पासून कार्य करीत असलेली कर्नाटक वाणिज्य व उद्योग मंडळ ही संस्था हुबळीस आहे. कंपनी सेक्रेटरी व सनदी लेखापाल यांच्या संस्थांच्या शाखा आहेत. विधी महाविद्यालयांची ग्रंथालये आहेत. महिन्यातून एकदा दोन तास जमणारे दहा-बारा विधी अधिकाऱ्यांचे अभ्यासमंडळ एवढ्याने प्रारंभ होऊ शकतो. रेल्वे, परिवहन, वीज, बँक व खाजगी कारखाने यांतील प्रत्येकी एकदोन सभासद त्यात असावेत. एकाच प्रकारच्या आस्थापनांतील माणसे एकत्र आली तर चर्चा एकांगी होते. वीज कंपनीच्या अधिकाऱ्याला भूसंपादनाचा अनुभव असतो, बँकेच्या अधिकाऱ्याला तारणाचा असतो आणि कारखान्यातील अधिकाऱ्याला कामगार कायद्याचा असतो. हे अनुभव एकत्र आल्यासच प्रत्येकाच्या ज्ञानातील उणीव भरून निघते.

चर्चेचा विषय नेमका असावा. उदाहरणार्थ, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म व लघु पुरवठादाराला मालाची रक्कम देण्यासाठी करारात ४५ दिवसांहून अधिक मुदत ठेवता येत नाही आणि विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. असे असूनही ९० दिवसांची मुदत लिहिलेले जुन्या नमुन्याचे करारनामे वर्षानुवर्षे तसेच चालू राहतात. गोकुळ रोडवरील एखाद्या लहान कारखानदाराला आपला हक्क ठाऊक नसतो आणि ठाऊक असला तरी मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करण्याचे त्याला साहस होत नाही. अभ्यासमंडळाच्या एका बैठकीत केवळ हे एकच कलम घेऊन प्रत्येकाने आपल्या आस्थापनेचा नमुना तपासला, तरी अनेक लहान उद्योगांचे हित साधले जाईल.

या संपर्काला दोन मर्यादा पाळल्याच पाहिजेत. मालकाची गोपनीय माहिती, प्रलंबित दाव्याचा तपशील किंवा पक्षकारांची नावे बैठकीत येता कामा नयेत. प्रश्न कायद्याचा असावा, फायलीचा नसावा. दुसरे असे की, परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या आस्थापनांचे अधिकारी एकत्र आले असता दर, निविदा आणि गिऱ्हाइकांची विभागणी यांविषयी चकार शब्दही निघू नये. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या तिसऱ्या कलमाने अशा सामंजस्याला प्रतिबंध केलेला आहे आणि कायदेपंडितांची बैठक त्याला अपवाद नाही. प्रत्येक बैठकीची विषयपत्रिका आधी लेखी निश्चित करणे व तिचे संक्षिप्त इतिवृत्त ठेवणे, हा यावरील सोपा उपाय आहे.

अभ्यासाची निकड

अभ्यासाच्या बाबतीत आजचा काळ असामान्य आहे. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष अधिनियम हे तीन कायदे १ जुलै २०२४ पासून अमलात आले. चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि त्यांनी २९ जुन्या केंद्रीय कायद्यांची जागा घेतली. वीस-पंचवीस वर्षे सेवेत असलेल्या विधी अधिकाऱ्याला जी कलमे मुखोद्गत होती, त्यांपैकी पुष्कळशी आता बदलली आहेत. या बदलामुळे ज्येष्ठ व कनिष्ठ एकाच वर्गात येऊन बसले आहेत आणि म्हणूनच सामुदायिक अभ्यासाला ही वेळ अनुकूल आहे.

बदल केवळ क्रमांकांचा नाही. संगणकातील नोंद पुरावा म्हणून दाखल करताना द्यावयाचे प्रमाणपत्र नव्या साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमान्वये दोन भागांत द्यावे लागते. त्यांपैकी एक भाग नोंद सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. हे प्रमाणपत्र वेळेवर तयार न झाल्यास खरा पुरावा हाताशी असूनही तो वाया जाण्याचा धोका असतो. श्रम संहितांनुसार ठराविक मुदतीसाठी नेमलेल्या कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतर उपदान मिळण्याचा हक्क प्राप्त झाला आहे आणि प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे आवश्यक ठरले आहे. ज्या कारखान्याचा विधी अधिकारी जुन्या नमुन्यावर विसंबून राहील, तेथे कामगाराचा हक्क बुडेल आणि मालकही अकारण कज्जात ओढला जाईल.

अभ्यासाची पद्धती साधी व नियमित असावी. एका सभासदाने महिनाभरातील धारवाड खंडपीठाचे महत्त्वाचे निर्णय वाचून दोन पानांचे टिपण करावे. दुसऱ्याने नवीन नियम व अधिसूचना पाहाव्यात. तिसऱ्याने एक करारकलम चर्चेसाठी आणावे. विधी विश्वविद्यालयातील अध्यापकांना अधूनमधून पाचारण केल्यास त्यांनाही प्रत्यक्ष व्यवहारातील प्रश्न कळतील. येथे भाषेचा प्रश्नही दुर्लक्षून चालणार नाही. धारवाड, बेळगाव व कोल्हापूर या पट्ट्यात मालकाचा करारनामा इंग्रजीत, महसुली कागद कन्नडात किंवा मराठीत आणि जुने दस्तऐवज मोडीत, असा प्रकार पुष्कळदा आढळतो. कायद्याच्या परिभाषेची मराठी, कन्नड व इंग्रजी अशी लहानशी शब्दावली अभ्यासमंडळाने तयार केली, तर ती सीमाभागातील सर्व आस्थापनांना उपयोगी पडेल.

सेवेचे क्षेत्र

आता सर्वांत महत्त्वाच्या अंगाकडे वळणे प्राप्त आहे. गरिबांना न्याय मिळावा म्हणून संघटित प्रयत्न करण्याची परंपरा या प्रदेशाला नवी नाही. धारवाड मुंबई राज्यात असतानाच, १९४९ मध्ये, त्या राज्याच्या शासनाने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली कायदेविषयक साहाय्यासंबंधी समिती नेमली होती. पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ हा अनुच्छेद संविधानात आला आणि विनामूल्य कायदेविषयक साहाय्य हे राज्याच्या धोरणाचे निदेशक तत्त्व झाले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये संमत झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमाती, अपंग, कोठडीतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाचा विचार न करता विनामूल्य साहाय्याचा हक्क आहे. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावर कोणालाही त्याविषयी विचारणा करता येते.

या कार्यात सनद जमा केलेल्या विधिज्ञाला स्थान आहे काय, हा प्रश्न विचारला जातो. उत्तर देताना मर्यादा आधी सांगणे योग्य होईल. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये परदेशी विधी पेढ्यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, वकिली म्हणजे केवळ न्यायालयात उभे राहणे नव्हे. सल्ला देणे, अभिप्राय देणे व दस्तऐवज तयार करणे यांचाही वकिलीत समावेश होतो. तेव्हा विधी अधिकाऱ्याने शिबिरात स्वतंत्र टेबल मांडून प्रत्येक आगंतुकाला वैयक्तिक कायदेशीर सल्ला देणे उचित नाही, मग ते विनामूल्य का असेना. वकीलपत्र घेण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही. प्राधिकरणाच्या कार्यक्रमात, त्याच्या पटावरील वकिलांना पूरक म्हणून काम करणे हाच निर्वेध मार्ग होय.

या मर्यादेच्या आतही क्षेत्र विस्तीर्ण आहे. पहिले कार्य कायद्याच्या साक्षरतेचे. नियुक्तिपत्रात काय असावे, वेतनचिठ्ठी कशी वाचावी, विम्याचा दावा किती दिवसांत करावा, वीजबिलाबाबतची तक्रार कोठे नोंदवावी, या गोष्टी आस्थापनेत बसून नित्य हाताळणाऱ्या विधी अधिकाऱ्याइतक्या सुबोधपणे क्वचितच कोणी सांगू शकेल. दुसरे कार्य विधी महाविद्यालयांतील साहाय्य केंद्रांचे. भारतीय वकील परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयाने असे केंद्र चालविले पाहिजे. मसुदा लिहिण्याचे शिक्षण विद्यार्थ्यांना पुस्तकातून मिळते, पण खऱ्या करारनाम्यातील धोक्याचे वाक्य ओळखण्याची दृष्टी अनुभवी माणसाकडूनच मिळते. महिन्यातून एक शनिवार या कामास दिला तरी विद्यार्थ्यांचा व त्यांच्याकडे येणाऱ्या पक्षकारांचा मोठा लाभ होईल.

तिसरे कार्य कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या सुरक्षिततेचे. २०१३ च्या अधिनियमान्वये दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते. तिचे अध्यक्षपद स्त्रीकडे असावे लागते, निम्म्याहून कमी नसतील इतक्या सभासद स्त्रिया असाव्या लागतात आणि एक सभासद बाहेरचा असावा लागतो. औद्योगिक वसाहतींतील लहान कारखान्यांना असा जाणकार बाहेरचा सभासद मिळणे कठीण जाते. स्वयंसेवी संस्थांच्या द्वारे अनुभवी महिला विधी अधिकारी ही उणीव भरून काढू शकतील. मात्र ज्या कारखान्याशी त्यांच्या मालकाचा व्यवहार आहे, तो त्यांनी वर्ज्य मानला पाहिजे.

चौथे कार्य मध्यस्थीचे. मध्यस्थी अधिनियम, २०२३ संमत झाल्यापासून या मार्गाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले आहे. मध्यस्थाला निर्णय द्यावयाचा नसतो. दोन्ही पक्षांना बोलते करून त्यांनीच तोडगा काढावा, अशी परिस्थिती त्याला निर्माण करावयाची असते. वर्षानुवर्षे वाटाघाटी केलेल्या विधी अधिकाऱ्याला, विशेषतः निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्याला, रीतसर प्रशिक्षण घेऊन या कार्यात पडता येईल. कर्तबगारीच्या शेवटच्या टप्प्यात याहून समाधानकारक काम दुसरे नसावे.

हितसंबंधांची दक्षता

सेवेची इच्छा कितीही शुद्ध असली तरी हितसंबंधांचा विरोध टाळण्याची दक्षता घेणे अगत्याचे आहे. औद्योगिक कामगार हा विनामूल्य साहाय्याचा हक्कदार आहे आणि त्याचा वाद अनेकदा मालकाशीच असतो. एका कारखान्याच्या विधी अधिकाऱ्याने शिबिरात आपल्याच कारखान्याच्या कामगाराची कैफियत ऐकून घेतली, तर कामगाराची फसगत होते आणि मालकाचाही विश्वासभंग होतो. म्हणून ज्या प्रकरणात आपली आस्थापना, तिचा कामगार, पुरवठादार किंवा ग्राहक गुंतलेला आहे, त्यातून विधी अधिकाऱ्याने प्रथमच बाजूला व्हावे व तसे प्राधिकरणाला लेखी कळवावे. आस्थापनेची पूर्वसंमतीही लेखीच घ्यावी. अशा दक्षतेने काम मंदावते असे वाटते, परंतु त्यावरच लोकांचा विश्वास टिकून राहतो.

आस्थापनांचे कर्तव्य

या सर्व गोष्टी विधी अधिकाऱ्यांच्या उत्साहावर सोडून चालणार नाही. व्यवस्थापनानेही आपला वाटा उचलला पाहिजे. अभ्यासमंडळाच्या बैठकीसाठी व प्राधिकरणाच्या कामासाठी वर्षातून काही दिवसांची सवलत, विधी ग्रंथांसाठी माफक तरतूद आणि सेवापुस्तकात या कार्याची नोंद, एवढ्याने पुष्कळ होईल. याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, सद्भावनेने दिलेल्या प्रतिकूल अभिप्रायाबद्दल विधी अधिकाऱ्याला त्रास होणार नाही, याची हमी व्यवस्थापनाने दिली पाहिजे. अपील करू नये, करारातील हे कलम अवैध आहे, या कामगाराला परत घेणेच योग्य, असे लिहिणारा अधिकारी आस्थापनेचा शत्रू नसून तिचा खरा रक्षक असतो. असे मत देणारा माणूस पदरी बाळगणे ही कोणत्याही आस्थापनेची मिळकतच समजली पाहिजे.

समारोप

सनद जमा करताना विधिज्ञ न्यायालयात उभे राहण्याचा हक्क सोडतो. न्यायाशी असलेले नाते सोडण्याची मागणी त्याच्याकडे कोणत्याही नियमाने केलेली नाही. संपर्कामुळे त्याच्या मताला आधार मिळतो, अभ्यासामुळे त्या मताला धार येते आणि सेवेमुळे ते मत ज्या माणसांवर परिणाम करते त्यांचे चेहरे त्याच्या डोळ्यांपुढे राहतात. ज्याने लोकन्यायालयात भरपाईची वाट पाहणारी विधवा पाहिली आहे, त्याची अपिलाविषयीची टिपणी यांत्रिक राहणार नाही.

हुबळी-धारवाडपाशी यासाठी लागणारी सर्व साधने आहेत. खंडपीठ आहे, विधी विश्वविद्यालय आहे, औद्योगिक वसाहती आहेत आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणही आहे. उणीव आहे ती या सर्वांना जोडणाऱ्या दुव्याची. दहा विधी अधिकाऱ्यांनी ठरविले तर पुढील महिन्यात पहिली बैठक होऊ शकेल. पहिल्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या आस्थापनेचा पुरवठ्याच्या करारनाम्याचा कोरा नमुना बरोबर आणावा आणि त्यातील रक्कम देण्याच्या मुदतीचे कलम सर्वांनी मिळून वाचावे. कोल्हापूर, सांगली व सोलापूर येथील विधी अधिकाऱ्यांनाही हाच प्रारंभ सुकर वाटेल. त्यातून एका जरी लहान पुरवठादाराचे बिल वेळेवर चुकते झाले, तरी त्या बैठकीचे सार्थक झाले असे समजावयास हरकत नाही.